काटा हलला नाही

९ मार्च

चि. बापू यास,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पण माझा इलाज नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि मी दारात आले की मागच्या जिन्याने उतरून जातोस. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जिना उतरायला लावणारी मी एकटीच असेन. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड, एवढं ऐक.

इकडे ठीक चाललंय. इस्पितळातून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. एक्स-रे विभागातल्या पोरींनी निरोपाला छत्री दिली. इतकी वर्षं शिशाच्या भिंतीआड उभी राहिलेली बाई आता छत्रीवर भागवणार, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग हसण्याचा खोकला झाला.

तुम्ही सोडलेल्या खालच्या घरात एक शिंपी राहायला आलाय. दिवसभर त्याचं मशीन चालतं, मला त्या आवाजाची सोबत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीला त्याने निळा रंग दिलाय. बरा दिसतो. वहिनीला सांग.

वहिनी कशी आहे? बेकरीत अजून पहाटेचीच पाळी असते का? मध्यंतरी बाजारात ती मला लांबून दिसली होती. हातातली पिशवी खाली ठेवून, दुकानाच्या भिंतीला टेकून उभी होती. खोकत होती. मी हाक मारली नाही. मारली असती तर बिचारीची पंचाईत झाली असती, घरी सांगायचं की नाही म्हणून. पण तो खोकला मला ओळखीचा वाटला बापू. कोरडा, तळातून येणारा, आणि संपल्यावर माणूस पळून आल्यासारखा उभा राहतो तो. त्याबद्दलच लिहायचं आहे. आधी माझं सांगते.

मला दोन वर्षांपासून दम लागतो. सुरुवातीला वय झालं म्हणून सोडून दिलं. मग क्षय असेल म्हणून गोळ्या झाल्या. वजन उतरलं, खोकला तसाच. शेवटी आमच्याच इस्पितळातल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं आणि माझी फिल्म उजेडावर लावली. दुसऱ्यांच्या छात्या मी हजारांनी पाहिल्यात, तेव्हा मला समजावून सांगायची गरज नव्हती. दोन्ही बाजूंना वाळू सांडावी तसे बारीक ठिपके होते.

त्यांनी विचारलं, "काम काय केलंत?"

म्हटलं, "एक्स-रे. तुम्हाला माहीतच आहे."

"ते नव्हे. त्याने हे होत नाही. कधी कसली भुकटी नाकातोंडात गेली? धातूची, चिनी मातीची? एखाद्या कारखान्यात?"

मी नाही म्हणाले. त्या काही सोडेनात. "घरी काही छंद?" म्हणाल्या.

तेव्हा मला तो दिवस सांगावा लागला. त्यांना सांगितला तसाच तुलाही सांगते. तू त्यात होतास, पण माझ्या बाजूने तू तो कधी ऐकला नाहीस.

मी त्यांना म्हटलं, मी हौशी रेडिओवाली, आमच्यात हॅम म्हणतात ती. परवाना आहे, घरी सेट आहे. सेटचा आवाज लांब पोचावा म्हणून शेजारी एक अॅम्प्लिफायर होता, वारलेल्या एका म्हाताऱ्या हॅमच्या बायकोकडून घेतलेला. जड, लोखंडी. आम्ही त्याला नुसता 'डबा' म्हणायचो. भावाचं बिऱ्हाड खालच्या मजल्यावर होतं. भाऊ कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टपाशी असायचा, वहिनी पहाटेच्या पाळीसाठी लवकर आडवी व्हायची, म्हणून त्यांची मुलगी संध्याकाळी वर माझ्याकडे यायची. एवढीशी आणि सतत हलणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. माझ्याकडे बसून ती मोर्स शिकली. मला लागली त्याच्या निम्म्या वेळात शिकली. एका बेटावरच्या दीपगृहवाल्याशी तिची गट्टी होती. तो तिला वाऱ्याची खबर द्यायचा आणि ती त्याला शाळेतल्या बाईंच्या चुगल्या सांगायची.

तिला तेराव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला आणि वर्षाच्या आत ती गेली. एवढं मी डॉक्टरीणबाईंना एका वाक्यात सांगितलं. तुलाही यापेक्षा जास्त सांगायला नको.

तू तिच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारायचास, कशामुळे झालं? ते म्हणायचे, कारण सांगता येत नाही, काहींना होतो. ते उत्तर तुला चालेना. मलाही चालत नव्हतं. मग तुझ्याबरोबर काम करणाऱ्या कुणीतरी तुझ्या डोक्यात घातलं की अॅम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हच्या नळ्यांतून किरणं निघतात आणि लहान मुलांना तीच बाधतात.

मी ते उडवून लावलं नव्हतं बापू. किरणं हाच माझा धंदा. छातीचा फोटो काढायला आम्ही नळीला साठ-सत्तर हजार व्होल्ट आणि वर देतो. माझ्या डब्यात जेमतेम दोन हजार. तेवढ्यावर जे काही निर्माण होईल ते व्हॉल्व्हच्या भिंतीतूनसुद्धा बाहेर पडत नाही. हे पाठ असूनही मी विभागातलं मीटर मागून आणलं. मुंगी तेव्हा वॉर्डात होती. तुझ्यासमोर डबा चालू केला आणि मीटर त्याच्या पुढून, मागून, वरून फिरवलं. ती बसायची त्या खुर्चीवर ठेवलं. खाली रस्त्यावर जेवढं दाखवलं तेवढंच तिथे. काटा हलला नाही. तू म्हणालास, "तुझं मीटर तुझ्याच बाजूने बोलणार."

त्यानंतर तू माझ्याशी बोललास तो थेट ती गेल्यावर, चार दिवसांनी. हातोडा घेऊन आलास. मागून वहिनी आली.

मी तुला ढकललं ते तू विसरला नसशील. इतकी वर्षं तू धरून चाललायस की ताई डबा वाचवत होती. तसं नव्हतं. प्लग काढला तरी त्या डब्याच्या पोटात वीज साठून राहू शकते, माणूस जागच्या जागी जाईल एवढी, आणि तुझ्या हातात लोखंडी दांड्याचा हातोडा होता. मी प्लग ओढला, झाकण उघडलं, अर्थिंगच्या तारेला जोडलेला आकडा लांब मुठीने आत टेकवला. फाटकन ठिणगी पडली. पुन्हा टेकवला, या वेळी काही नाही. मग बाजूला झाले आणि तुला म्हणाले, "आता फोड."

तू फोडलास. पत्रा नुसता वाकत होता, त्याने तुझं भागत नव्हतं. व्हॉल्व्हच्या खाली दोन पांढऱ्या विटा होत्या, साबणाच्या वडीएवढ्या, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या. तापलेल्या व्हॉल्व्हची उष्णता त्या ओढून घेतात. त्या मात्र फुटत होत्या. तू त्या फरशीवर घेतल्यास आणि अगदी पीठ होईपर्यंत ठेचल्यास. उन्हाच्या तिरिपीत ती भुकटी तरंगत होती. मला अजून दिसते. वहिनीने केरसुणी घेतली आणि खाली बसून झाडायला लागली. मी म्हटलं, राहू दे गं. ती म्हणाली, "तिच्या खुर्चीखाली घाण नको." मग तुझा शर्ट काढून घेतला आणि माझ्या गॅलरीत झटकला. धरून, जोरात, पुन्हा पुन्हा झटकला.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या त्या थांबल्या. म्हणाल्या, त्या विटा कशाच्या होत्या ते शोधून काढा.

ज्याने असे डबे जन्मभर उघडलेत अशा एका जुन्या हॅमला मी विचारलं. तो म्हणाला, "सगळ्यात नसतं, पण त्या जातीच्या डब्यात बेरिलियमची वीट असते. अख्खी असेल तर खुशाल हातात धरावी. फक्त घासू नये, कापू नये, फोडू नये. भुकटी छातीत गेली तर काही माणसांना ती सोडत नाही." मग म्हणाला, "का, फुटली की काय?"

मी म्हटलं, "पडली."

माझं रक्त लांबच्या प्रयोगशाळेत गेलं. तेच निघालं.

बापू, किरणांचा पत्ता नव्हता आणि मी किरणं मोजत बसले. विषाची वीट समोर होती, तिचं मला नावही ठाऊक नव्हतं. मी तुला विजेपासून वाचवलं आणि भुकटीत उभं केलं.

आता महत्त्वाचं. हे सगळ्यांना होत नाही. ज्याच्या त्याच्या शरीरावर असतं. कित्येक वर्षांनीसुद्धा वर येतं. झालं तर मुळापासून जात नाही, पण वेळेत कळलं तर औषधाने थोपवता येतं. मला उशिरा कळलं. आता दिवसातला बराच वेळ नाकात नळी घालून बसते, सिलिंडर पायाशी असतो. शिंप्याची बायको त्याला माझं पाळीव जनावर म्हणते.

तू तपासून घे. वहिनीला तर आधी ने. डॉक्टरीणबाईंचं नाव आणि वेळ मागे लिहिली आहे. मी तिथे असणार नाही, ती भीती नको.

तुझ्यावर ठपका ठेवायला हे लिहिलेलं नाही. तू फोडलंस, पण फोड मी म्हणाले होते.

तुझी,
ताई


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

तू सांगितलंस तसं बेकरीच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून भट्टीत टाक.

मागच्या पंधरवड्यात तू दारात उभी राहिलीस तेव्हा मला आधी वाटलं, शिंप्याकडे कुणी गिऱ्हाईक आलंय आणि मजला चुकलंय. मधल्या जिन्यावर किती वेळ बसली होतीस ते तू सांगितलं नाहीस, पण कठड्याची धूळ तुझ्या सगळ्या बाहीला होती. पर्समधून माझं पत्र काढलंस, ते फोडलेलं होतं. बापूने अक्षर पाहून पाकीट रद्दीवर टाकलं आणि तू ते बेकरीतल्या कपडे बदलायच्या खोलीत उभ्याने वाचलंस. मला वाटलं होतं की तू आधी रडशील, नाहीतर मला चार शब्द सुनावशील. तू पाणी मागितलंस आणि म्हणालीस, "ताई, बेकरीचे डॉक्टर म्हणतात मला पिठामुळे होतं. पण पिठात मी वीस वर्षं आहे. आताच का व्हावं?"

त्यानंतर तू डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तपासून आलीस, ते तुझे रिपोर्ट आले. तू माझा पत्ता दिला होतास म्हणून ते माझ्याकडे आले. फोनवर सांगायचं धाडस होईना, आणि डॉक्टरीणबाई तुला बुधवारी बोलावून सांगणारच आहेत, पण त्याआधी तुला कळावं असं मला वाटलं.

आहे. तेच आहे. माझ्याइतकं पसरलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी माझी आणि तुझी फिल्म शेजारी लावून दाखवली. माझ्यात वाळूचा ढीग आहे, तुझ्यात मूठभर. गोळ्या लगेच सुरू करायच्या. चेहरा सुजेल, भूक लागेल, मन चिडचिडं होईल, घाबरू नकोस. बेकरी सोडावी लागेल. पिठाने हे झालेलं नाही, पण या छातीला आता पीठही सोसणार नाही.

एवढं लिहून मी खिडकीशी जाऊन बसले होते. आता पुढचं.

तू जाताना दारात जे म्हणालीस त्यावर मी रागावले होते. तुला दिसलं असेल. तू म्हणालीस, "ताई, त्याला हे कळता कामा नये."

मी म्हटलं, "आजार कसा लपवशील?"

"आजार नाही लपवणार. कशाने झाला ते. हातोडा त्याचा होता हे त्याला कळलं तर तो उरणार नाही."

"आणि मग काय सांगणार त्याला?"

तू चपलेचा पट्टा लावायला वाकलीस. मग वर न बघता म्हणालीस, "त्याला वाटतंच आहे ना, तो डबा वाईट होता म्हणून. वाटू दे. त्याच्यातून जे काही निघत होतं त्यानेच आपल्या दोघींना झालं, असं त्याला वाटू दे."

वहिनी, मी तुला बोलले ते कठोर होतं, पण खोटं नव्हतं. सहा वर्षं मी एका गोष्टीची वाट बघत आले. बापूने एकदा येऊन म्हणावं, ताई, तुझ्या खोलीने मुंगीला मारलं नाही. क्षमा नको होती मला, मिठी नको होती, हे एक वाक्य हवं होतं. रस्त्यात ओळखीची माणसं मला बघून मुलांचा हात धरायची. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. आणि आता डॉक्टरांचा शिक्का मारलेला कागद माझ्या हातात आलाय की त्या डब्यात किरणांची बाधा नव्हतीच, होतं ते वेगळंच आणि तेही अख्खं असताना निरुपद्रवी. अशा वेळी तू मला म्हणतेस, हा कागद कपाटात ठेवा आणि त्याचा राग उरलेल्या आयुष्यभर अंगावर घ्या. मी तुला म्हटलं, तू माझ्याकडे फार मागतेयस.

तू म्हणालीस, "हो."

आणि मग जे सांगितलंस ते मला माहीत नव्हतं. ती गेल्यावर पहिल्या वर्षी तो दोनदा लिफ्टच्या विहिरीच्या कडेला उभा होता, हे तुला त्याच्या कामावरच्या जोडीदाराने सांगितलं. काम नसताना, दिवा न लावता. दुसऱ्यांदा जोडीदाराने त्याला कॉलर धरून मागे ओढलं, तेव्हा तो म्हणाला, मी तिला स्वतः वर पाठवायचो, जा आत्याकडे, मला काम आहे म्हणून. जोडीदार म्हणाला, तुझी चूक नाही, त्या डब्याची आहे. आणि त्या दिवसापासून तो जेवायला लागला. तू म्हणालीस, "तो त्या रागावर उभा आहे ताई. खालून तो काढला तर मी त्याला धरू शकणार नाही. पूर्वी धरलं असतं. आता मला पिशवी उचलत नाही."

 मी तुला कठडा धरून हळू उतर, एवढंच म्हटलं.

त्यानंतर मी कित्येक दिवस स्वतःशी भांडले. तुझा रिपोर्ट आला नसता तर कदाचित अजून भांडत असते. रिपोर्ट वाचून झाल्यावर मला एकच दिसायला लागलं. तू माझ्या गॅलरीत उभी, आणि तो शर्ट झटकतेस. तो जर हे डोळ्यांसमोर आणायला लागला, तर त्या विहिरीत उतरायला त्याला वेळ लागणार नाही. मुलीचं कारण सापडत नाही म्हणून तो वेडा झाला होता. बायकोचं कारण सापडलं तर काय होईल?

तर ठीक आहे. मी लिहीन त्याला.

माझ्या दोन अटी आहेत. एक, त्याची तपासणी झालीच पाहिजे. सगळ्यात जास्त भुकटी त्याने खाल्ली आहे. अजून त्याला काही होत नाही याचा अर्थ पुढे होणार नाही असा नाही. डॉक्टरीणबाईंशी मी बोलले आहे. त्यांना पटलेलं नाही. म्हणाल्या, त्याने विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. मी म्हटलं, तो विचारणार नाही. तो छातीला हात लावू देईल, पण का ते विचारणार नाही. मी त्याला पाळण्यापासून ओळखते.

दुसरी अट. मी खोटं लिहिणार नाही. जे लिहीन त्यातला शब्दन् शब्द खरा असेल. फक्त सगळं लिहिणार नाही. एवढं मला माझ्यासाठी हवं आहे.

मुंगीलाही त्या डब्यानेच झालं का असं तो विचारेल, असं तू म्हणालीस तेव्हा मी विषय बदलला होता. त्याचं काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

रेडिओची खोली मी बंद केली आहे. तोंड बांधून, ओल्या फडक्याने सगळं पुसून घेणारी माणसं डॉक्टरीणबाई पाठवणार आहेत. तू त्या खोलीची काळजी करू नकोस, तू तेव्हा खूप झाडलंस.

बुधवारी रिक्षाने ये, चालत येऊ नकोस.

तुझी,
ताई


१९ एप्रिल

चि. बापू यास,

आशीर्वाद.

हे पत्र वहिनी तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोर बसून राहील, असं आमचं ठरलं आहे. तेव्हा उठून जाऊ नकोस. तिला तुझ्यामागे जिना उतरायला लागेल, आणि तिला तो उतरवायचा नाही.

वहिनीला छातीचा आजार आहे हे तिने तुला सांगितलं असेल. मलाही तोच आहे. माझा जुना झालाय, तिचा वेळेवर कळलाय. डॉक्टरीणबाई हुशार आहेत, औषध चांगलं आहे, आणि तिने नीट जपलं तर ती पुष्कळ वर्षं तुझ्याशी भांडेल. माझ्याबद्दल तसं कुणी म्हणत नाही. मीही विचारत नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हा दोघींच्या श्वासात जाईल असं घरात काय होतं? मी सांगितलं, माझ्या रेडिओच्या खोलीत एक अॅम्प्लिफायर होता. त्यांनी त्याची चौकशी करायला लावली. मी केली. त्या डब्यात विषारी वस्तू होती. तिचीच बाधा आम्हा दोघींच्या फुफ्फुसांत सापडली आहे. इस्पितळात इतकी वर्षं काढून, एवढी शिकलेली म्हणवून, ती मला ओळखता आली नाही.

तू त्या डब्याला विष म्हणाला होतास. विषच होतं.

हे वाचून तुला काय वाटेल याचा मी अंदाज करत नाही. तू मला जे काही बोललास ते मी परत मागत नाही. त्यात आणखी घालायचं असेल तर घाल. मी घरीच असते, आता कुठे जात नाही. दार लोटलेलं असतं.

तुझ्याकडून मला एकच हवं आहे. त्या खोलीत जो जो आला त्याची तपासणी व्हायला हवी, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे. तू आला होतास. सोमवारी सकाळी वहिनीबरोबर जा. फिल्म काढतील, नळीत फुंकर मारायला सांगतील, थोडं रक्त घेतील. फिल्म काढणारी मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली आहे, ती तुला "श्वास धरा" म्हणेल तेव्हा धर, हुज्जत घालू नकोस. काही निघालं नाही तरी दर वर्षी जायचं. वहिनीसाठी म्हणून जा, माझ्यासाठी नको.

घरातलं जड काम आता तुझ्याकडे. बाजाराची पिशवी, पाण्याची बादली. तिला बेकरी सुटल्याचं दुःख आहे, बोलून दाखवणार नाही. सकाळी लवकर जाग येईल तिला सवयीने, आणि करायला काही नसेल. त्या वेळी तू उठून तिच्याजवळ बस. काही बोलायला नको. गोळ्यांनी तिचा चेहरा गोल होईल. तेव्हा छान दिसतेस असं म्हणायला जाऊ नकोस, तुला खोटं बोलता येत नाही, पकडला जाशील.

मुंगीबद्दल.

तू म्हणायचास आणि मी नाही म्हणायचे. मीटर घेऊन तुझ्यासमोर उभी राहिले होते, आठवतं मला. तुझी पोर वॉर्डात पडलेली आणि मी तुला काटा दाखवत होते. आता मी नाही म्हणणार नाही बापू. तुला जे वाटतं ते वाटू दे. पण ती वर यायची ती तू पाठवायचास म्हणून नव्हे. तू नको म्हणाला असतास तरी आली असती. शाळेचं दप्तर तुमच्या दारात टाकून, तुला न विचारता, कित्येकदा आली होती. तिला बोलवायचे मी. हे तू लक्षात ठेव आणि त्या विहिरींच्या कडेला उभा राहू नकोस.

तो डबा घरात मी आणला होता.

ताई